कारणाचा रकाना

दि. ४ मार्च

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. बाबांची तब्येत उत्तम, जीभ त्याहून उत्तम.

औषधाच्या वेळांनी ज्यांचं लहानपण वाटून घेतलं, अशा घरांतल्या सगळ्या लेकरांची एकच तक्रार असते आणि ती आपल्या दोघांचीही आहे. घरातलं माणूस खालावलं की डॉक्टर मान वर न करता विचारतात, "डोस कोणी चुकवला?" औषधच असं का बनवलं, की चार वेळा चुकलं तर डोळा जावा, हे कोणी विचारत नाही. बाबांच्या डोळ्यांतला दाब उतरवायला दिवसातून चार वेळा थेंब. सकाळचा आईचा, दुपारचा दुकानातल्या कारागिराचा, संध्याकाळचा तुझा, झोपतानाचा माझा. उभा जन्म सुईत दोरा ओवणाऱ्या माणसाचा डावा डोळा गेला, तेव्हा दवाखान्याच्या बाकावर आपण सगळे आरोपींसारखे ओळीने बसलो होतो आणि जो तो मनातल्या मनात आपापले चुकलेले थेंब आठवत होता. आई तर जाईपर्यंत ते ओझं घेऊन वावरली.

वीस वर्षं मी सभांतून हेच ओरडत आले. थकलेल्या, विसरणाऱ्या, पोटामागे धावणाऱ्या माणसाकडे शिस्त मागू नका. शिस्त औषधाकडे मागा! लोक टाळ्या वाजवायचे आणि तू मागच्या रांगेतून घड्याळ दाखवायचास, की आता पुरे.

तर बातमी अशी, की डोळ्यात ठेवायची आपली औषधाची कांडी चालली. "आपली" हा शब्द मी विचार करून लिहिला आहे.

सुईचं टोक मोडून पडावं एवढीशी ती कांडी एकशे सव्वीस दिवस टिकली. शरीराइतक्या कोमट पाण्यात टिकली आणि सशांच्या डोळ्यांतही टिकली. रोज जेवढं औषध सुटायला हवं तेवढंच सुटलं, ना आज जास्त ना उद्या कमी. पॉलिमरच्या लांब साखळ्या पाण्याने झिजत, तुटत गेल्या आणि शेवटी कांडी कुठे होती हेही सापडेना. पुन्हा चिरून काढायची भानगड नाही. एकदा ठेवायची आणि चार महिने विसरायचं. विसरण्याचा हक्क, धाकट्या! आजारी माणसाला याहून मोठं काय द्यायचं?

बावीस तारखेला समिती बसते आहे. बारा रुग्णांवर पहिली चाचणी करायला परवानगी मागितली आहे. हे ऐकून बाबा म्हणाले, "त्या बारांत मी का नाही?"

"तुम्ही माझे वडील आहात म्हणून. जवळच्या माणसाला घेता येत नाही."

"हे बरं आहे! लोक ओळखीने आत घुसतात, मी ओळखीने बाहेर."

त्यांचा उजवा डोळा थेंबांवर टिकून आहे. वर्तमानपत्राचे मथळे वाचतात, खालचा मजकूर स्वतःच्या मनाने रचतात आणि तो बहुतेक वेळा छापलेल्यापेक्षा बरा असतो. परवा शेजारीण मुलांची चौकशी करत होती. बाबा तिला म्हणाले, "मुलगी प्रयोगशाळेत बाटल्या उघडते, मुलगा कारखान्यात झाकणं बनवतो. दोघांनी मिळून दुकान काढलं असतं तर घर बसल्या जागी चाललं असतं." शेजारीण पोट धरून हसली. मीही हसले.

तुझं झाकणांचं काम कसं चाललं आहे? आपलं कांड्यांचं यंत्र आता ज्या बाई चालवतात त्या नेटक्या आहेत, वक्तशीर आहेत. पण त्या काट्याकडे बघून पॉलिमरचा धागा ओढतात. तू आवाज ऐकून ओढायचास.

कांड्यांच्या त्या फसलेल्या जुन्या खेपेविषयीही लिहायचं होतं. नव्याने विचार करता असं वाटतं, की दोष यंत्राच्या तापमानाचा नसावा. कच्च्या मालात ओलावा शिरला असण्याची शक्यता आहे. असो. चार वर्षं झाली. झालं गेलं विसरून एकदा ये.

तुझी,
ताई


दि. १२ मार्च

धाकट्या,
तुझं कार्ड पोचलं. चार वर्षांनी भावाने बहिणीला पाच शब्द लिहिले. "ताई, बाटली किती वाजता उघडलीस?"

बाबा समोरच होते. म्हणाले, "काय लिहितोय?"

मी म्हटलं, "खुशाली."

"खुशाली वाचायला एवढा वेळ लागत नाही. बस खाली."

मी बसले आणि त्यांना सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर त्यांनी गुडघ्यावरचं धोतर सारखं केलं. मग म्हणाले, "माझी शिवण चुकली तर मी उसवायचो. गिऱ्हाइकाच्या अंगाला नावं ठेवायचो नाही." एवढंच. मग मला चहा कर म्हणाले.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. सव्वानऊला बाटली शीतकपाटातून काढली. नऊ पस्तीसला उघडली.

वीस मिनिटं. बाटलीवर माझ्याच अक्षरातलं कार्ड चिकटवलेलं होतं : "खोलीइतकी ऊब येईपर्यंत झाकण काढू नये. किमान दोन तास." हा नियम मी केला होता. नवीन माणूस आला की मी त्याला थंड पेला हातात देऊन दाखवायची, की बघ, बाहेर कसं पाणी धरतं. तसंच उघड्या बाटलीत हवेतलं पाणी पॉलिमरच्या भुकटीवर बसतं आणि साखळ्या तिथेच तुटायला लागतात. पुढे यंत्रात तापवताना उरलेलं काम पाणीच करून टाकतं. कांडी दिसायला छान होते, पण ती जन्मतःच म्हातारी असते. हे सगळं जिला तोंडपाठ, तिनेच वीस मिनिटांत झाकण फिरवलं, कारण अकरा वाजता रुग्णांच्या नातेवाइकांपुढे माझं भाषण होतं. विषय काय होता ते तुला ठाऊक आहे. धीर!

तू म्हणालासही. "ताई, लोकांना दोन तास देतेस, बाटलीलाही दे की." बाटलीच्या काचेवरचं पाणी तू बोटाने पुसून मला दाखवलंस. मी काय उत्तर दिलं ते मी विसरले असते तर बरं झालं असतं. "चालकाने यंत्र बघावं. बाटली माझी आहे." मी वजन करून दिलेली भुकटी घेऊन तू यंत्राकडे गेलास.

चार महिने चालायची ती खेप नऊ दिवसांत जवळजवळ सगळं औषध ओकून मोकळी झाली. मग ती बैठक. मी चाळीस मिनिटं बोलले. यंत्र जास्त तापवलं गेलं, चालकाचं लक्ष नव्हतं, निष्काळजीपणाला नातं माफ नसतं. टेबलाभोवतीचे लोक माना डोलवत होते आणि मला त्या माना दिसत होत्या, म्हणून मी आणखी एक वाक्य बोलले. "शिंप्याचा हात आहे, पण यंत्र म्हणजे कापड नव्हे." लोक हसले. आपल्या बापाच्या धंद्यावर, माझ्या तोंडून, लोक हसले. तू प्रयोगशाळेचा अंगरखा काढून घडी घातलीस, खुर्चीवर ठेवलास आणि गेलास. "बाटली" हा एक शब्द तू तिथे उच्चारला असतास तर मी त्या क्षणी गप्प झाले असते. तू उच्चारला नाहीस. का, ते तुझं तुला माहीत. मला विचारायचा अधिकार नाही.

इथवरचं तुला ठाऊक होतं. आता जे ठाऊक नाही ते लिहिते.

तू गेल्यानंतर तीन आठवड्यांनी मी बाटलीत उरलेली भुकटी तपासायला पाठवली. ती यंत्राजवळ गेलीच नव्हती, तरी तिच्यातल्या साखळ्या निम्म्या झाल्या होत्या. म्हणजे तू निर्दोष आहेस हे मला गेल्या आठवड्यात कळलेलं नाही. तीन आठवड्यांत कळलं. तो कागद चार वर्षं माझ्या टेबलाच्या खणात होता. मागच्या पत्रात मी लिहिलं, "ओलावा शिरला असण्याची शक्यता." ओलावा काय पायांनी चालत आला होता? मी त्याला आत घेतलं.

आणि याहून वाईट ऐक. त्या कागदानंतर मी बाटली उघडण्याची पद्धत बदलली. दोन माणसं, दोन सह्या, काढल्याची वेळ, उघडल्याची वेळ. प्रत्येक खेप तेव्हापासून चांगली निघाली. मला चूक नेमकी माहीत होती म्हणून काम यशस्वी झालं, आणि त्या चुकीचा धनी म्हणून नोंदवहीत तुझं नाव राहिलं. "डोस कोणी चुकवला" असं विचारणाऱ्या डॉक्टरांवर मी जन्मभर तुटून पडले, आणि माझ्या हातात नोंदवही आली तेव्हा मी तेच लिहिलं.

कबूल करायला उशीर का? सुरुवातीला म्हटलं, प्रमुखाचीच चूक निघाली तर प्रकल्प बंद होईल, रुग्णांचं नुकसान होईल. पुढे म्हटलं, धाकटा आता कुठेतरी रुळला असेल. ही कारणं अगदी खोटी नाहीत. पण दुसरा कोणी ती सांगत असता तर मी त्याला भर सभेत फाडून खाल्लं असतं.

काल संचालकसाहेबांकडे गेले. कागद पुढे ठेवला. त्यांनी वाचला, चष्मा काढला.

"बाई, समिती अकरा दिवसांवर आली. आत्ताच उकरून काढायचं होतं?"

"आत्ताच."

"ते विचारतील, प्रमुखच अशी घाई करतात तर रुग्णांचं काय?"

"विचारायलाच हवं. मी समितीत असते तर पहिल्यांदा तेच विचारलं असतं."

"आणि परवानगी लांबली तर?"

"लांबेल. पण ज्या नोंदवहीत एक खोटं लिहिलेलं आहे, तिच्या भरवशावर कोणी आपला डोळा पुढे करावा, असं मी कोणाला सांगू शकत नाही."

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाले, "तुमच्या भावाला कळवलंत?" मी म्हटलं, "नाही." तर म्हणाले, "मग इथे काय करताय?" माणूस वाटतो तेवढा वाईट नाही.

त्यांच्या खोलीतून बाहेर पडले आणि रस्त्याने चालत घरी आले. वाटेत फळं घेतली, बाबांच्या चपला शिवून घेतल्या. खूप दिवसांनी असं झालं, की चालताना मनात कोणाला उद्देशून भाषण चाललेलं नव्हतं. मी सुखात आहे, धाकट्या. काम चांगलं झालं आहे, कांडी खरी आहे, ती आज ना उद्या कोणाच्या तरी डोळ्यात जाईल आणि एखाद्या घरातली पोरं संध्याकाळी बिनघोर खेळतील. समिती मला प्रमुखपदावरून काढेल की ठेवेल, हे ती ठरवील. दोन्हीला माझी तयारी आहे.

सोबत नोंदवहीतल्या त्या पानाची प्रत आहे. आपल्याकडे खोडायची रीत तू विसरला नसशील. शाई ओतून झाकायचं नाही, पान फाडायचं नाही. चुकीच्या मजकुरावर एकच सरळ रेघ, अशी की खालचं वाचता यावं, आणि शेजारी खरं काय ते लिहून सही व तारीख. "कारण" या रकान्यात "यंत्रचालकाचा निष्काळजीपणा" असं लिहिलं होतं. त्यावर मी रेघ मारली आहे. शेजारी लिहिलं आहे : "प्रकल्पप्रमुखाने बाटली वीस मिनिटांत उघडली. चालकाने सावध केले होते, ते ऐकले नाही." खाली माझी सही आहे. ज्याच्यावर ठपका होता त्याची सही झाल्याशिवाय दुरुस्ती धरत नाहीत. ती जागा कोरी आहे.

मला माफ कर असं मी म्हणत नाही. परत ये असंही आता म्हणत नाही, मागच्या पत्रात ते फार स्वस्तात म्हणून गेले. बाबांना भेटायला यायचं तर ये. मी घरात असले तरी ये, नसले तरी ये. ते सगळं तुझ्या मर्जीवर.

पण एक गोष्ट मर्जीवर सोडत नाही. ती मी मागते आहे, हात जोडून आणि आवाज चढवून, जसं समजशील तसं. पान नीट वाच. माझ्या शब्दांत कुठे पळवाट दिसली तर समासात तुझ्या अक्षरात लिही, मी ती तशीच समितीपुढे ठेवीन. आणि मग त्या कोऱ्या जागेवर तुझी पूर्ण सही कर, तारीख घाल आणि एकोणीस तारखेच्या आत पान मला पोचेल असं पाठव.

जिने तुला ऐकून घेतलं नाही, ती
तुझी ताई