चौपन्न चौरस मीटर

३ ऑगस्ट

आज धाकटीच्या रिकाम्या दुकानात उभी होते आणि बोर्डिंगचं जेवणघर डोळ्यांपुढे आलं. लांबच लांब बाक, आम्ही दोघी बहिणी शेजारी. मधल्या कुणाला पाणी हवं असलं की अख्खा बाक उठायचा — आणि तेवढ्यात धाकटी माझ्या ताटातला बटाटा पळवायची! सिस्टरना दिसायचं. त्या छताकडे बघायच्या.

पन्नाशी उलटलेली तीच धाकटी आता रेस्टॉरंट काढतेय. आधी चपलांचं दुकान होतं. अजून चामड्याचा वास येतो. "बारा टेबलं बसली तर चालेल, ताई. नाहीतर किल्ली परत." सुताराला शनिवारी आकडा सांगायचाय.

पाचवीला नाहीतरी क्षेत्रफळ शिकवायचंच आहे. म्हटलं, बघू या.

४ ऑगस्ट

मुलांना मापं दिली. मागचं स्वयंपाकघर सोडून खोली नऊ मीटर लांब, सहा रुंद. टेबल एक मीटर लांब, एक रुंद. किती बसतील?

"चौपन्न!" अख्खा वर्ग.

"आणि माणसं?"

मग आमचा वकील — वाद घातल्याशिवाय या पोराला अन्न पचत नाही — म्हणाला, "टेबलांवर बसतील, टीचर."

"वेटर?"

"खालून जातील."

हसताना माझा चष्मा घसरला.

५ ऑगस्ट

धाकटीचं गणित फळ्यावर मांडलं. चार खुर्च्यांसकट एका टेबलाला चार चौरस मीटर. चौपन्नात तेरा बसतात, एकाची जागा काउंटरला. बारा!

वकिलाचा हात वर. "यात सगळे बसलेलेच आहेत, टीचर. उठायचं कुणी?"

मी फळ्यावरच्या बारापुढे प्रश्नचिन्ह काढलं.

६ ऑगस्ट

हॉलमध्ये खडूने खरीखुरी खोली आखली. मोठ्या बाई डोकावल्या — "खडू कुठे संपतात ते आज कळलं!"

दार उघडायला, काउंटरला, हात धुवायला मिळून नऊ चौरस मीटर गेले. उरले पंचेचाळीस. टेबलाला चार, चालायला एक. पाचाने भागलं.

नऊ. बाकी शून्य आली म्हणून मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला धाकटीची किल्ली आठवली.

७ ऑगस्ट

धाकटी फोनवर भडकली. "दहा वर्षांची पोरं माझं दुकान बंद करणार?"

म्हटलं, ये आणि चालून बघ.

८ ऑगस्ट

आली! तोंड फुगवून, पण आली. आधी तिच्या मनासारखी बारा टेबलं आखली. मुलं खुर्च्या घेऊन बसली — इतकी ऐटीत, जणू वाढदिवसाला आलीत. धाकटीच्या हातात ट्रे, त्यावर पाण्याने भरलेले स्टीलचे पेले. तिसऱ्या टेबलापाशी पोचते तोच वर्गातल्या सगळ्यात छोट्या मुलीने, आमच्या चिमणीने, खुर्ची मागे सरकवली आणि उठली. अगदी गिऱ्हाइकासारखी, मागे न बघता. सगळं पाणी वकिलाच्या डोक्यावर!

"मी बिल देणार नाही," तो म्हणाला.

धाकटी हसून हसून खाली बसली, खडूच्या काउंटरवरच. मग नऊ मांडली. ती सगळीकडे फिरली, मुलं मुद्दाम उठबस करत होती, तरी थेंब सांडला नाही.

मुलं गेल्यावर मात्र धाकटी परत तिथेच बसली. "नऊवर भागेल गं. पण मग मॅनेजर परवडत नाही. मी शेगडीपाशी, तर बाहेर कोण बघणार?"

मी ओल्या फडक्याने खडूची टेबलं पुसत होते.

"परत देते किल्ली," ती म्हणाली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

९ ऑगस्ट

सुतार पेन्सिल कानामागे लावून उभा. धाकटी किल्ली बोटात फिरवत होती. मीच म्हटलं, "नऊ."

"नक्की?" त्याने विचारलं.

धाकटी माझ्याकडे बघत राहिली. "नक्की," मी म्हटलं.

११ ऑगस्ट

राजीनामा दिला. शेगडीपाशी ती, बाहेर मी. मोठ्या बाई वाचून बराच वेळ चष्मा पुसत बसल्या.

कपाटातल्या वस्तू अशा वाटून द्यायच्या: लाकडी कंपास विज्ञानाच्या सरांना, कधीचा त्यांचा डोळा आहे त्यावर. खिडकीतली कुंडी मोठ्या बाईंना. पाणी बेताने घाला म्हणावं. मापाची टेप चिमणीला. रंगीत खडू वर्गातच राहू देत.

पाचवी नव्या बाईंना. वर्तुळ शिकवायचं राहिलंय. आणि वकिलाला पुढच्या बाकावरून हलवू नका — मागे बसवलं की तो खरंच गप्प होतो.