हळदीच्या दिवशी चुकलेली शेजपाळी

कोपरखैरणे,
मंगळवार

चि. हौसेराव यास थोरल्या बहिणीचा आशीर्वाद, आणि तुझ्या गुडघ्यांना वेगळा (त्यांना जास्त गरज हाय). इकडं इंद्रजित आणि सूनबाई मजेत. मी पण बरी. फक्त तळमजल्यावरची वेणूबाई माझ्याशी बोलत न्हाई, बाकी टेन्शन काय न्हाई. ती इथली मूळची, शेतं जाऊन बिल्डिंगी झाल्या त्यातली. तुझे दाजी गेल्यापासनं दुपारची भाजी आम्ही दोघी एकत्र निवडतो, म्हणजे निवडत होतो. ते कसं बंद पडलं तेवढं सांगते.

उन्हाळ्यात सोसायटीला पाणी कमी येतं. खिडकीतनं बघावं तर खाडी भरलेली, पण तिच्यात डाळ शिजत न्हाई. गुरुजींनी शिकवलेलं आठवतं का, समुद्राची वाफ, वाफेचा ढग, ढगाचा पाऊस? आमच्या डोक्यावर पडतो तो गटारातनं परत खाडीत. उरलेला ढग घाट चढतो आणि तुझ्या उसावर रिकामा होतो. तुला नको झालेलं कृष्णा पार पलीकडच्या समुद्रात नेऊन टाकते. म्हणजे वाफ आमची, ऊस तुझा, आणि आमचा नळ नुसता शिंकतो. (मी भांडत न्हाई. आपलं सांगून ठेवते.)

तर सोसायटीच्या मीटिंगमधी हीच बोंब. खालच्यांच्या नळाला जोर, आमच्या सातव्या मजल्यावर करंगळीएवढी धार. मी उठून म्हणलं, आमच्या गावाकडं कालव्यावर शेजपाळी असते. जो शेवटाला त्याचं रान आधी भिजवायचं, मग वर वर येत तोंडाजवळच्याचा नंबर शेवटी. न्हाईतर तोंडाशी बसलेलाच सगळं पितो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरी कमळाकर म्हणाले, मग आपल्यात शेवट कोण, आजी? मी म्हणलं, पाणी रस्त्यावरनं येतं, वर चढतं, म्हणजे शेवट सातवा मजला. (तिथं मीच राहते, त्याला मी काय करू?) गच्चीवर दोन व्हॉल्व्ह हायत, एक वरच्या मजल्यांचा, एक खालच्यांचा. ते फिरवायचं काम मला दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्यांचा सोडला, खालच्यांचा आवळला. आधी पाणी मिळणार म्हणल्यावर वरच्यांनी बादल्या भरल्या, पातेली भरली, कुकर भरले, एकानं तर पोराच्या पाण्याच्या बाटल्या नि फुलदाण्याबी सोडल्या न्हाईत. टाकी कोरडी. आणि खाली त्याच दिवशी वेणूबाईच्या नातवाची, केतनची हळद! मी नवी साडी नेसून उतरले तर नवरामुलगा पाटावर पिवळाधमक, अंघोळीला पाणी न्हाई, नळातनं नुसती हवा. हळद लागलेल्यानं घराबाहेर पडायचं नसतं, पण किती वेळ बसंल? शेवटी त्याला तसाच स्कूटरवर घालून जवळच्या पावणे गावात मामाच्या घरी धुवायला नेला. सिग्नलला लोकांनी फोटो काढले म्हणे.

वेणूबाई माझ्यावर धावूनच आली. "अगो प्रेमला, टाकी कुठं हाय? गच्चीवर ना? मंग पानी वरून खाली येतं. शेवट आमी!"

बरोबर बोलली. म्हणून मी जास्तच अडून बसले आणि म्हणलं, नियम म्हणजे नियम. "तुजा नियम आन् तू, दोगीपन वरच रावा," म्हणाली आणि दार लावलं. दुसऱ्या दिवशी सगळी बिल्डिंग बसनं उरणला लग्नाला गेली. मला म्हणाली, "घर राखाला कुनी पायजे ना." मी राखलं. मला काय वाटत न्हाई. फक्त मेथीची जुडी एकटीनं निवडताना लई मोठी दिसते.

तिकडची खुशाली कळव, उसाची नको.

तुझी अक्का,
प्रेमला

ता.क. मीटिंगमधी मी सांगून बसलेय की शेजपाळीचा नियम माझ्या भावाचा, आणि तो पाणी खात्यात मोठा साहेब हाय. पुढल्या रविवारी वेणूबाईकडं नव्या जोडप्याची पूजा हाय. त्याच्या आत ये. पँट घालून ये, आणि तू कालव्याची दारं उघडणारा पाटकरी हायस हे तोंडातनं काढू नको.

आणखी ता.क. पहिल्यांदा तळमजल्यावर जा. अक्काला फोनवर मीच उलटं सांगितलं, चूक माझी, असं म्हण. ती तुला तिच्या भाषेत लई काय काय म्हणंल. मान खाली घालून ऐक, तुला सवय हाय. बोलून दमली की ती चहा ठेवते. ठेवला की मला हाक मार. लांब न्हाई, मी जिन्यातच उभी असंन.