मातीची रेघ

सोमवार, ४ तारीख

सूनबाई, हे वाचायची तुला आठवण झाली, हेच मोठं आश्चर्य. माझ्या पिशवीत तू चपलांचा जोड भरलास तो दोन्ही डाव्या पायांचा, तेव्हा मी फार आशा धरून बसलेली नाही. पण रोज काय झालं ते सांगत जा म्हणालीस, म्हणून सांगते. मी बोलते, हा फोन अक्षरं उमटवतो आणि तुला पाठवतो. मला एक अक्षर येत नाही, त्यामुळे तो माझ्या नावावर काय खपवतो ते तुझं तू बघ.

घर छान आहे. नोकरी बदलली की नवऱ्यांना अक्कलही येते असं दिसतंय, कारण हे घर तुझ्या नवऱ्याने एकट्याने शोधलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे फाटकापर्यंत गवत. दारं, चौकटी, कपाटं, सगळं लाकडी आणि पांढऱ्या रंगाने चकचकीत. खिडकीजवळची खोली त्याने गुंडीसाठी ठेवली आहे. भिंतीला कुठला रंग द्यायचा ते म्हणे ती आल्यावर ठरवेल. बापाचे लाड बघ. लेकीची शाळा संपली की तुम्ही दोघी यायच्या, तोवर त्याला वेळेवर जेवू घालायचं आणि घर लख्ख ठेवायचं, एवढं माझं काम. ते मला झोपेतही जमेल.

बुधवार, ६ तारीख

सकाळी खिडकीच्या कट्ट्यावर पंख सांडलेले. नुसते पंख, अंग कुठेच नाही, जणू कुणी कपडे काढून आत गेलंय. मला वाटलं पंखवाल्या मुंग्या असतील. तुझ्या नवऱ्याने एक अख्खा किडा वाटीखाली धरून दाखवला. मुंगीची कंबर बारीक, हिला कंबरच नाही. मुंगीच्या मिशा मध्येच वाकलेल्या, हिच्या सरळ. आणि चारही पंख एकाच मापाचे. वाळवी आहे आई, म्हणाला. मी म्हटलं, कंबरेवरून तर माझ्या माहेरची वाटते. तो इतका हसला की चहा शर्टावर.

त्याच्या पलंगाच्या उशाशी भिंतीवर एक मातीची रेघ आहे, पेन्सिलीएवढी जाड, जमिनीतून निघून वर चढलेली. मी ती खरवडली आणि ओल्या फडक्याने भिंत पुसून काढली. मी घरात असताना भिंतीवर चिखल?

शुक्रवार, ८ तारीख

रेघ परत आली. परवा पुसली, आज पुन्हा हजर. चिकाटी माझ्यासारखीच.

वाळवीवाला आला होता. पेचकसाच्या मुठीने त्याने चौकटी ठोकून बघितल्या. चांगलं लाकूड भरीव वाजतं, आमची चौकट रिकाम्या डब्यासारखी वाजली. टोक टेकवलं तर रंगाचा पापुद्रा फुटला. आत लाकूड नाहीच. माती, आणि मातीत पांढरी वळवळ. बाहेरून चौकट कशी ताठ उभी होती. मला कान लावायला सांगितला. वर ठोकलं की आतून बारीक टकटक उलटून येते. त्यांच्यातले शिपाई डोकं आपटून बाकीच्यांना सावध करतात म्हणे.

त्याने रेघेपाशी औषधाचं आमिष लावलं आणि मला बजावलं, रेघ मोडायची नाही. त्याच वाटेने त्या औषध आपल्या घरी नेतील. वाट मोडली तर दुसरी काढतील, आणि ती कुठे काढतील ते तोही सांगू शकणार नाही.

मी मान डोलावली. तो फाटकाबाहेर पडला आणि मी रेघ खरवडली. माझ्या लेकाच्या डोक्याशी तसली घाण ठेवायची? तूही ठेवली नसतीस.

सोमवार, ११ तारीख

जिंकले. तीन दिवस भिंत कोरी. आमिषाला कुणी तोंड लावलेलं नाही. वाळवीवाल्याला फोन केला तर म्हणतो, त्या जात नाहीत आजी, फक्त दुसरीकडे असतात. याला म्हणतात धंदा.

तुझ्या नवऱ्याला झोप मात्र गाढ लागते आहे. ऑफिसचा जिना चढताना हलकं हलकं वाटतं म्हणाला. उशीवर रोज थोडी माती सांडलेली असते. डोकं धुवायचा आळस तुझ्याकडून घेतलाय.

गुरुवार, १४ तारीख

आज कॉलर सरळ करताना दिसली. कानामागून निघून शर्टात उतरलेली. पेन्सिलीएवढी. ओली. मी नखाने काढली, त्याला कळलंही नाही. नखात माती होती आणि मातीत एक पांढरी —

मग त्याला चहाचा ठसका लागला. मी पाठीवर थाप मारली.

तो आवाज मी ओळखते. हात तिथेच राहिला माझा. आणि मग आतून — टकटक.

शुक्रवार, १५ तारीख

वाळवीवाल्याला बोलावलं. म्हटलं, याची पाठ ठोकून बघ. दोघंही हसले, म्हातारीला वेड लागलं म्हणून. त्याने गंमत म्हणून पेचकसाची मूठ पाठीवर आपटली. दुसऱ्यांदा आपटली तेव्हा हसत नव्हता. मला बाहेर नेलं.

“आजी, दाबू नका. कुठेही दाबू नका.”

डॉक्टरकडे नेते म्हटलं तर म्हणाला, डॉक्टर आधी दाबूनच बघतात. पेचकस इथेच टाकून गेला. आता फोन उचलत नाही.

रविवार, १७ तारीख

दाराची कडी लावताना बोट — करंगळी — रंगाचा पापुद्रा जातो तशी. रक्त नाही. एक थेंब नाही. आत माती.

तो बोटाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. “आई, दुखत नाही गं,” म्हणाला. मला धीर द्यायला म्हणाला. लहानपणी पडला की असंच म्हणायचा.

फडकं गुंडाळलं. हलकेच. खुर्चीत बसवलाय. जेवत नाही.

मंगळवार, १९ तारीख

एक सापडलं. ड्रॉवरची फळी त्याच्या पायाशी पडली होती. घोट्यातून रेघ निघून फळीवर गेली. दुपारपर्यंत फळी पोकळ, आणि तेवढा वेळ तो — ऊब आली हाताला. गुंडीचा हलणारा दात पडला का, विचारलं. फळी संपली आणि गप्प झाला.

म्हणजे लाकूड असलं की त्याला खात नाहीत. ड्रॉवर संपले. पलंग दिला. आता कपाटं.

गुरुवार, २१ तारीख

कपाटं संपली. दारं देतेय. हात चालत नाहीत.

मघाशी फोनवर तुला ‘गुंडीला घेऊन लवकर ये’ म्हणाला — तू खूश झालीस, रविवारी निघते म्हणालीस, म्हणजे मी पाठवलेलं वाचलेलंच नाहीस. मी समोर होते. त्याचे ओठ हलत नव्हते गं. आवाज छातीतून — खूप जणांचा — येऊ नकोस. पोरीला आणू नकोस. तो बोलावेल. मी बोलावलं तरी नाही.

शनिवार, २३ तारीख

कुणीच येऊ नका. मी त्याला सोडून येणार नाही, ते विचारू नकोस. सकाळी थोडा वेळ आवाज अजून त्याचा असतो — तेवढ्यासाठी —

खायला पाठव. मऊ पांढऱ्या लाकडाच्या फळ्या. रंग नको, औषध मारलेलं नको. ट्रकवाल्याला सांग, फाटकाशी टाक, आत पाऊल नाही — भिजलेल्या असल्या तर बरं, भिजलेल्या जास्त — लवकर संपतात आता. आणि माझ्यासाठी डबा नको, वेगळं काही करू नकोस, मी त्यातलंच थोडं —