आधी माणूस काढ

बाबा, मला नोकरी लागली. चित्रं काढायची! तुम्ही असता तर लगेच विचारलं असतं, "कायची चित्रं? कोणाच्या भिंतीवर?" कोणाच्याच भिंतीवर नाही. पुण्यातली एक कंपनी मोबाइलवरचे खेळ बनवते. खेळातली गावं, गाड्या, माणसांचे कपडे कसे दिसतील, ते सगळं बनण्याआधी कुणीतरी काढून दाखवावं लागतं. त्याला म्हणतात कॉन्सेप्ट आर्टिस्ट. तुम्ही गणपतीच्या देखाव्याचं कच्चं चित्र खडूनं जमिनीवर काढायचात ना, तेच हे काम. "ह्याच्यावर पोट नाही भरत बाई, हे पुसून जाते," असं म्हणायचात. आता त्या कच्च्याचाच पगार मिळतो! आईला अजून पटलेलं नाही. सकाळपासून विचारून राहिली आहे, "म्हंजे बनवाचं काहीच नाही? नुसतं काढाचं?" हाव, आई. नुसतं काढायचं.

मला मात्र सकाळपासून मलकापूरचं ते कापसाच्या जिनिंगचं जुनं गोदाम दिसतंय. मंडळाच्या पोरांना त्या वर्षी राजवाडा हवा होता. मी खडूचा डबा धरून तुमच्या मागे मागे. तुम्ही टोपी मागे सारून, कानावरचा खडू काढून फरशीवर राजवाड्याचं अख्खं तोंड काढलंत, खऱ्या मापाचं. पोरं चेकाळली. "काका, कळस अजून वर जाऊ द्या!" तुम्हीही कमी नव्हता, वर नेलात. मग त्याच मापानं बांबू, कापड, थर्माकोल, सोनेरी कागद. स्थापनेच्या सकाळी सगळ्यांनी मिळून उचलला, शटरपर्यंत आणला आणि तिथेच अडला. दार ठेंगणं, कळस उंच. तुम्ही खाली बसलात आणि पोट धरून हसायला लागलात. "दार कोणी पाह्यलंच नाही बे!" शेवटी कळस करवतीनं कापला आणि बाहेर रस्त्यावर पुन्हा सुतळीनं बांधला. अनंत चतुर्दशीपर्यंत तो वाकडाच उभा होता, आणि लोक म्हणत होते, काय डौल आहे.

त्यानंतर कुठलंही कच्चं काढताना तुम्ही आधी एक माणूस काढायचात, टोपीवाला, हात खाली सोडलेला. एकदा मी कोपऱ्यात माझा महाल काढत बसले होते, छान सात मजली. तुम्ही आलात आणि पायानं पुसून टाकलात. "पह्यले माणूस काढ. मंग दार. मंग तुया महाल." इतका राग आला होता की संध्याकाळपर्यंत मी तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही भजी आणलीत तेव्हा बोलले.

तुम्ही गेल्यावर मी फ्लेक्सच्या दुकानात लागले. वाढदिवसाचे पुढारी, त्यांच्या डोक्यामागे सूर्य. काम करता करता फोनवर बघून हे नवं शिकले. नकार किती आले ते विचारू नका. लोक म्हणायचे, आता यंत्रच चित्रं काढतं, तुला कोण विचारणार? यावेळी जमलं नाही तर हा नाद सोडून दुकानच बघेन, असं मी आईला कबूल करून बसले होते. ह्या कंपनीच्या परीक्षेत विषय आला उडत्या जहाजाचा तळ, म्हणजे ते उभं करायची जागा. बाबा, मी आपलं गोदाम काढलं! तेच पत्रे, कोपऱ्यात सरकीचे ढीग, तेच शटर. आधी माणूस, मग दार, मग जहाज.

मुलाखत फोनवरच झाली, पडद्यावर त्यांच्या मोठ्या बाई. मी पदराआड, म्हणजे ओढणीआड, हात घट्ट धरून बसलेली. त्या चित्राकडे बघत राहिल्या आणि एकदम हसल्या. "बाकीच्यांची जहाजं सुरेख आहेत, पण एकही दारातून बाहेर पडणार नाही. तुमचं पडेल." मग मी त्यांना कळसाची गोष्ट सांगितली, करवतीसकट. त्या डोळे पुसेपर्यंत हसल्या. मला तेव्हाच कळलं की जमलं.

हे पत्र टाकायला पेटी कुठली, म्हणून ते खडूच्या डब्यात ठेवणार आहे. डबा अजून आहे. एक मात्र सांगून टाकते. बाईंनी शेवटी विचारलं होतं, "दाराशी हा टोपीवाला कोण? कानावर खडू दिसतोय." मी म्हटलं, "कोणी नाही, मापासाठी काढलाय." खोटं बोलले, बाबा. मापाला कोणीही चाललं असतं.