ऋता रविवारी येईल तेव्हा

कुंदाताई, आधी खाली बस, मग वाच. तुला माझ्या शहाणपणाची गोष्ट सांगतो.

कोर्टानं सांगितलेलं, ऋताची पोटगी दर महिन्याला तिच्या आईच्या खात्यात टाक. मी हट्टाला पेटलो, दर्शनाच्या हातात पैसा देणार नाय. शाळेची फी मीच जाऊन भरली, बूट घेतले, पोरीच्या दातांना तार बसवली. जजसाहेब म्हणाले, "हे लाड झाले, पोटगी नाही." आता वॉरंट निघालंय. चाळीत पोलीस नकोत म्हणून मीच पोलीस स्टेशनला चाललोय. महिनाभर तरी आत ठेवतील.

दर्शना खोटं बोलली नाय गं, तिच्या खात्यात खरंच काय आलं नाय. ऋताला सांग, बाबा कामाला सुरतेला गेलाय. आईनं बापाला आत टाकलं, तेवढं तुझ्या तोंडातून निघू देऊ नको.