वांगी, निंबोळ्या आणि सीमाच्या सासूबाई

२ ऑगस्ट २००२, वसमत
सीमाचा पुण्याहून फोन. तीन आठवड्यांनी माहेरी येणार. बोलता बोलता म्हणाली, सासूबाई भरली वांगी फारच छान करतात. मला काहीच वाटलं नाही. परसातल्या दहाही वांग्यांना लगेच खत घातलं.

६ ऑगस्ट
पानांवर अळ्या. नुसती चाळणी केली आहे. हे म्हणाले, दुकानातून औषध आणतो, एका दिवसात साफ. लेकीच्या ताटात विष? मुळीच नाही. निंबोळीचा अर्क करणार. कॉन्व्हेंटमध्ये नेचर स्टडीत माझा पहिला नंबर असे.

७ ऑगस्ट
निंबोळ्या पाट्यावर वाटायचा निश्चय होता. गुडघा दुखत होता, म्हणून मिक्सर. एकदाच. जनकाबाई भांडी घासताना म्हणाली, बाई, चटणीचं भांडं काहून घेतलं? त्याचं कडू जात न्हाई. म्हटलं, साबण कशासाठी असतो?

९ ऑगस्ट, सकाळी ७
काल फवारलं. एकही मेली नाही. डोस दुप्पट. पुन्हा मिक्सर. गुडघा.

११ ऑगस्ट
कृषी सहायक रत्नपाल येऊन गेला. माझा जुना विद्यार्थी, स्पेलिंग अजून कच्चं. म्हणाला, मॅडम, ह्या मरत न्हाईत. तोंडाची चव जाती, मग खात न्हाईत. बघत राहा.
भिंग घेऊन पाऊण तास बसले. खरंच! अळी पानाला तोंड लावते, थबकते, मान वळवते, बाजूला जाऊन बसते. ‘ऑब्झर्व्ह, गर्ल्स,’ सिस्टर फिलोमिना म्हणायच्या. आज त्या हव्या होत्या. डोळे भरून आले. अर्काच्या वासानेही असेल.

१५ ऑगस्ट
मिक्सर, तिसऱ्यांदा. शेवटचं. ह्यांनी खोबऱ्याची चटणी तशीच टाकली. वयोमानाने जीभ बदलते.

१९ ऑगस्ट
वांगी जांभळी, चकचकीत, एकही डाग नाही. अळ्या रोडावल्यात. जरा वाईट वाटतं त्यांचं. हे हल्ली शेजारी कमलबाईंकडे पोहे खातात म्हणे.

२३ ऑगस्ट, सकाळी १०
सीमा आली! वाळलीय. शेंगदाणे, तीळ, खोबरं, आपल्या वसमतची हळद. मसाला मिक्सरमधून अगदी मऊ. भांडं आधी तीनदा धुतलं. सासूबाईंना कृती कळवायची की नाही, ते नंतर ठरवू.

दुपारी २
सीमाने घास तोंडात घेतला. थबकली. ‘छान झालंय, आई,’ म्हणाली. मान वळवली. ताट सरकवून खिडकीत जाऊन बसली. मग हे. मग जनकाबाई; वर म्हणाली, मी बोल्लेच व्हते.
मीही चाखलं.
निरीक्षण: सगळे जिवंत आहेत. फक्त कोणी खात नाही.