बाणाईच्या बाटल्या

रविवार, २ नोव्हेंबर
दहाही जण मेले. माझ्यामुळं. राक्षस आता पडेल, मग पडेल अशी वेळ आणि बाणाईच्या झोळीतल्या औषधाच्या बाटल्याच संपल्या. हिरव्या बुचाच्या चाळीस असतात दर शुक्रवारी. गिल्डच, म्हणजे खेळातली आमची टोळीच, पाठवते, असंच मी धरून चालले. या वेळी बावीस. रेडचा, म्हणजे राक्षसावरच्या आमच्या स्वारीचा, म्होरक्या विरेश एवढंच म्हणाला, "मॅडम, पुढच्या रविवारी असं झालं तर दुसरा वैद्य बघावा लागंल." माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा आहे. पण बोलला ते बरोबरच.

सोमवार, ३ नोव्हेंबर
खेळात बाणाई एकच, खेळणारे दोन. शुक्रवार ते रविवार माझी, सोमवार ते गुरुवार धाकट्या भावाची, योगीराजची. खंडोबा कसा काही महिने अणदूरला, काही नळदुर्गला — तसं. देव नेताना गावं करार लिहितात, आम्ही तोंडीच ठरवलं.

अणदूरला हायवेवर त्याचं पंक्चरचं दुकान. गिऱ्हाईक नसलं की मोबाइलवर पाच मिनिटांची पीव्हीपी — माणसासमोर माणूस, एक पडेपर्यंत. मी त्याला कोंबड्यांची झुंज म्हणते. तो म्हणतो, "तुमचा राक्षस कधी काय करणार ते तुमाला पाठ असतंय, अक्का. परीक्षेला पोरं करतेत तसंच. माणूस पाठ व्हत न्हाय."

आज फोनवर बाटल्यांचं विचारलं. "ह्या आठवड्यात लई हरलो गं." वर हसला. म्हणजे हरता हरता पिऊन टाकल्या! माझ्या रेडच्या.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
पासवर्ड बदलला.

बुधवार, ५ नोव्हेंबर
त्याचा फोन नाही. प्रॅक्टिकल घेताना तीनदा मोबाइल पाहिला. मुलांचे मात्र बाहेर ठेवायला लावले होते.

रेड मला का आवडते? नऊ जण माझ्याकडं पाठ करून लढतात. मागं बाणाई आहे, एवढ्या भरवशावर. पीव्हीपीत पाठ फिरवली की मेलास — हे मी योगीराजला किती वेळा ऐकवलं. तीन वर्षं तोही माझ्याकडं पाठ करूनच होता. मग काल मी काय केलं?

गुरुवार, ६ नोव्हेंबर
आजही वार त्याचाच. बाणाई नुसती उभी.

दुपारी भावजयीचा, अयोध्याचा फोन. "वन्सं, ह्यांच्या मोबाइलाला काय झालंय का? दुकानात नुसतं हायवेकडं बघत बसतेत. म्हणलं, ट्रका मोजताव का काय?"
"मला नाही माहीत," म्हणाले. खोटं बोलले.

परत दिला पासवर्ड तर रविवारी पुन्हा दहा मरतील. नाही दिला तर — देव कोंडून ठेवणारं गाव मी. आणि खरं तर मी पीव्हीपी एकदाही खेळलेले नाही. न बघताच निवाडा दिला. उद्या जाऊन बघते.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
झोळी रिकामी. गिल्डकडून काहीच आलेलं नाही.

सहा लढती हरले. तिथं बाटली उघडताच येत नाही. नियमच आहे.
सातव्या लढतीत समोरचा स्वतःच कड्यावरून पडला, मी जिंकले. झोळीत बक्षीस आलं. दोन बाटल्या. हिरव्या बुचाच्या.

चाळीस म्हणजे वीस विजय. दर आठवड्याला.